तात्यांच्या पेटीतले ‘फु’चे बॉक्स

मेडिकलच्या काउंटरखाली एक खोकं असतं. तारीख संपलेली, फुटलेली, चुकून आलेली औषधं त्यात टाकायची आणि खोकं भरलं की कंपनीला परत पाठवायची. सोनईत मेडिकल टाकून मला चौदा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत अशी कितीतरी खोकी परत गेली. पण गिऱ्हाइकांनी काउंटरवर सोडून दिलेले किस्से कुणी परत घेत नाही, ते माझ्याकडेच साठत राहतात.

आताशा त्यातले निम्मे किस्से कूपनचे असतात. पूर्वी साबणाच्या वडीवर चमचा फुकट मिळायचा, आता औषधावर सूट मिळते. डॉक्टर चिठ्ठीबरोबर एक कार्ड देतात, ते आमच्याकडं आणायचं, मोबाईलवर ओटीपी येतो, तो सांगायचा की किंमत कमी होते किंवा एखादा बॉक्स फुकट मिळतो. माणसं आजाराला घाबरत नाहीत एवढी या कार्डाला घाबरतात. दुकानात पहिल्या दिवसापासून माझ्या हाताखाली कामाला असलेले रावसाहेब तर कूपन हातात धरताना विंचू उचलावा तसं दोन बोटांनी धरतात. कंपनीला आपला एवढा कळवळा का आला, हा त्यांचा कायमचा प्रश्न आहे. 

*

कूपनवाल्या गिऱ्हाइकांत पहिला मान तात्यांचा. तात्या साखर कारखान्यात काट्यावर क्लार्क होते. ऊस भरून आलेली गाडी काट्यावर चढायची आणि तात्या वजन लिहायचे, असं तीस वर्षं चाललं. गाडीवानानं उसाखाली दगड लपवलाय का, ड्रायव्हर केबिनमध्येच बसून राहिलाय का, हे बघण्यात त्यांची उमर गेली. आता रिटायर होऊन दोन गायी सांभाळतात. पण नजर काट्यावरचीच राहिली. समोरचा माणूस काहीतरी लपवतोय, असं धरूनच ते बोलायला सुरुवात करतात.

त्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, गेल्या वर्षी हार्ट अटॅक आला. नगरला नेलं, वाचल्या. पण हृदयाचं पंपिंग पस्तीस टक्क्यांवर आलं. डॉक्टरांनी एक महागडी गोळी दिली, सकाळी एक, संध्याकाळी एक, कायमची. बरोबर कंपनीचं कार्ड दिलं. दोन बॉक्स विकत घेतले की तिसरा फुकट.

तात्यांनी पहिले दोन बॉक्स घेतले. मी कार्डाचा नंबर टाकला आणि म्हटलं, “तात्या, मोबाईलवर ओटीपी आला असंल, तो सांगा.”

तात्यांनी मोबाईल खिशात घातला आणि वरून हात ठेवला.

“मॅडम, बँकेत भिंतीवर लिवलंय. ओटीपी कुनाला सांगायचा न्हाई.”

मी समजावलं की तो पैशाचा ओटीपी, हा औषधाचा. तात्या म्हणाले की औषध पैशाचंच असतं. मागं चार गिऱ्हाइकं उभी होती, त्यांनीही मान डोलावली. शेवटी तोड तात्यांनीच काढली. ते काउंटरच्या आत आले, माझा मोबाईल घेतला, मला आणि रावसाहेबांना भिंतीकडं तोंड करून उभं केलं आणि एका बोटानं सहा आकडे टाकले. माझ्याच दुकानात मी पाठमोरी उभी! झाल्यावर मोबाईल परत देत म्हणाले, “आता पुसून टाका.”

घरी गेल्यावरही त्यांना चैन पडलं नाही. त्याच गोळीचा भाव त्यांनी नगरच्या एका दुकानात विचारला. मग संगमनेरला दिलेल्या मुलीला फोन करून तिथला काढायला लावला. दुसऱ्या दिवशी येऊन मला म्हणाले, “तिन्हीकडं येकच भाव हाय.”

मी म्हटलं, झालं ना मग समाधान?

“समाधान कसलं? समदे सामील हायेत.”

*

सवलतीबद्दल बायकांचा हिशेब आणखी वेगळा. एक सून सासूच्या शुगरच्या गोळ्या न्यायला यायची. तिच्याकडंही कूपन होतं, पण ती ते कधी काढायची नाही. मीच आठवण करून दिली तर म्हणाली, फवारणीच्या औषधांच्या दुकानात सूट कधी देतात? तारीख जवळ आली की. तुम्ही सासूबाईंना पुऱ्या किमतीचंच द्या आणि बिलावर किंमत ठळक येऊ द्या. उद्या काही झालं तर सुनेनं स्वस्तातलं चारलं असं गावभर व्हायला नको.

मी ठळक बिल दिलं. दोन दिवसांनी तेच बिल घेऊन सासू स्वतः आली. इकडं तिकडं बघून तिनं कनवटीतून घडी घातलेलं कूपन काढलं. सुनेच्या पर्समधलंच होतं! म्हणाली, पुढच्या टायमाला ह्याच्यावर द्या, पण बिल मात्र असंच पुऱ्या किमतीचं करा. मी म्हटलं असं बिल करता येत नाही. मग ती हळूच म्हणाली, “बरं, मग सुनंला सांगू नगा.”

आमच्या धंद्यात हे वाक्य सगळ्यात जास्त ऐकायला मिळतं. नवऱ्याची शुगर बायकोला सांगू नका, बायकोच्या झोपेच्या गोळ्या नवऱ्याला सांगू नका. आम्ही सांगत नाही. त्यावरच तर दुकान चालतं.

*

तात्यांचा फुकटचा बॉक्स पंधरा दिवसांनी आला. तो माझ्या कपाटातला नसतो, कंपनीकडून गिऱ्हाइकाच्या नावानं कुरिअरनं थेट दुकानात येतो. तात्यांना हे कळलं आणि त्यांचे डोळे बारीक झाले. विकतचा बॉक्स मॅडमच्या कपाटातून आणि फुकटचा मुंबईहून, म्हणजे दोन्हींत फरक असणारच.

त्यांनी दोन्ही बॉक्स पिशवीत टाकले आणि थेट सोनाराच्या दुकानात गेले. सोनाराला सांगितलं, वजन कर. सोनारानं आधी डोक्याला हात लावला. पण तात्यांनी कधीकाळी त्याच्या बापाचा ऊस इमानानं मोजलेला, त्यामुळं नाही म्हणता आलं नाही.

मला वाटलं, फुकटचा हलका भरला असता तर तात्यांना बरंच वाटलं असतं. पण तो भारी भरला. अर्धा-एक ग्रॅम असेल. खरं तर फुकटच्या बॉक्सात सूचनांचा एक मोठा कागद घडी घालून टाकलेला असतो, त्याचं ते वजन. तात्या बॉक्स घेऊन माझ्याकडं परत आले, तेव्हा मी तो उघडून कागद दाखवला. तात्यांनी तो उलगडला, दोन्ही बाजूंनी बघितला आणि परत घडी घातली.

“मॅडम, काट्यावर तीस वर्सं बसलोय. फुकट देनारा मानूस येक येळ कमी भरंल. जास्त भरतोय म्हंजी पक्की भानगड हाय.”

तेव्हापासून फुकटचा बॉक्स आला की तात्या त्याच्यावर बॉलपेननं ‘फु’ लिहायचे आणि लोखंडी पेटीत टाकायचे. काकूंना फक्त विकतच्या गोळ्या. मी सांगून थकले की दोन्ही गोळ्या एकच आहेत. तात्या म्हणायचे, कूपन वाया घालवायचं नाही म्हणून आणतो, पण बायकोला घालायची माझी छाती होत नाही. बॉक्स आणायचा, ‘फु’ लिहायचं, पेटीत टाकायचा. सहा महिन्यांत असे सहा बॉक्स जमले.

*

गावातले एक रिटायर गणिताचे गुरुजी मात्र कूपनला घाबरणारे नव्हते. त्यांनी ॲप डाउनलोड केलं होतं. पहिल्या ऑर्डरला घसघशीत सूट, असं ॲप म्हणायचं. गुरुजींनी गणित मांडलं की पहिली ऑर्डर माणसाची असते आणि घरात माणसं भरपूर आहेत. एक महिना स्वतःच्या नावानं, एक बायकोच्या, मग दोन्ही मुलांच्या, दोन्ही सुनांच्या. माझ्याकडं यायचे ते फक्त मला माझे भाव किती जास्त आहेत हे सांगायला!

सात-आठ महिन्यांनी गुरुजी माझ्याकडं ब्लडप्रेशरची गोळी मागायला आले. चेहरा उतरलेला. म्हटलं, ॲपनं पकडलं का?

पकडलं नव्हतं. घरातली माणसं संपली तेव्हा गुरुजींनी वडिलांचं नाव टाकलं होतं. वडिलांना जाऊन अकरा वर्षं झालेली. ऑर्डर व्यवस्थित आली, सूटही मिळाली. मग एका सकाळी गुरुजी चहा पीत बसलेले असताना मोबाईलवर मेसेज आला. वडिलांचं नाव घेऊन ॲपनं विचारलं होतं, तुमची तब्येत आता कशी आहे? औषध वेळेवर घेता ना?

“जिते हुते तवा मी येकदाबी इचारलं न्हवतं,” गुरुजी म्हणाले आणि पूर्ण किमतीच्या गोळ्या घेऊन गेले.

*

दुसऱ्यांना हसते तशी मी स्वतःला सोडत नाही. नगरच्या एका लॅबचं कूपन आलं होतं, सगळ्या तपासण्या निम्म्या किमतीत. गेले. रिपोर्ट आला, सगळं नॉर्मल. मला काही पटेना. निम्म्या पैशात हे लोक नीट कशाला तपासतील? दुसऱ्या लॅबमध्ये पूर्ण पैसे भरून परत रक्त दिलं. तेही नॉर्मल. घरी येऊन रिपोर्ट आईपुढं ठेवले तर ती म्हणाली, पहिल्यांदाच माझ्याकडं पैसे दिले असते तर मी तोंड बघून सांगितलं असतं. रावसाहेबांना मी हा किस्सा अजून सांगितलेला नाही.

*

आता त्या आठवड्याचं सांगते.

काकूंची सहा महिन्यांची तपासणी झाली. तात्या चिठ्ठी घेऊन दुकानात आले, तेव्हा सवयीप्रमाणं त्यांनी आधी माझ्या मागचं कपाट न्याहाळलं नाही. तिथंच मला शंका आली. चिठ्ठी बघितली. काकूंचं पंपिंग पस्तीसवरून बेचाळीसवर आलं होतं. चांगलीच बातमी होती. गोळी लागू पडतीय म्हणून डॉक्टरांनी डोस वाढवला होता, सकाळी दोन, संध्याकाळी दोन. असाच सहा महिने नेला तर हृदय बरंच सावरेल, मध्येच कमी केला तर होतं तिथं येईल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं.

म्हणजे पंधरा दिवसांचा बॉक्स आता आठवड्यात संपणार. तात्यांची पेन्शन मला माहीत आहे आणि दोन गायींचं दूध किती होतं तेही. विकतच्या गोळ्यांवर हा डोस त्यांना झेपणारा नव्हता. मी म्हटलं, “तात्या, पेटीत सहा बॉक्स पडलेत. काकूंना ते चालू करा. आता हट्ट करायची वेळ नाही.”

 तात्यांनी एकच विकतचा बॉक्स घेतला आणि “बघतो” म्हणून गेले.

मला वाईट शंका आली. ती सांगताना आज लाज वाटते, पण आली. वाटलं, हा माणूस डोस वाढवणारच नाही. आहे तेवढंच देत राहील आणि डॉक्टरला हो म्हणेल. असे नवरे मी काउंटरवरून खूप बघितलेत. रावसाहेब म्हणाले की चार दिवसांनी काकूंना गाठून विचारू.

चार दिवस थांबावं लागलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी डेअरीवर दूध घालायला गेलेले तात्या किटली हातात धरून लायनीतच खाली बसले आणि आडवे झाले. लोकांनी उचलून गावातल्या डॉक्टरांच्या दवाखान्यात नेलं. बीपी इतकं उतरलेलं की डॉक्टरांना मशीन बिघडलंय असं वाटलं. सलाइन लावलं. तात्यांच्या सदऱ्याच्या खिशात ‘फु’ लिहिलेला बॉक्स सापडला, म्हणून डॉक्टरांनी मला बोलावणं पाठवलं.

मी पोचले तोवर तात्यांनी कबुली दिली होती. काकूंना फुकटच्या गोळ्या घालायच्या आधी त्यांनी त्या स्वतः खाऊन बघायचं ठरवलं होतं. तेही चिठ्ठीतल्या डोसानं, सकाळी दोन, संध्याकाळी दोन. दोन दिवस नेटानं खाल्ल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी दोन टाकून दूध घेऊन निघाले. डॉक्टर रागानं लाल झाले होते. बीपी उतरवणारी हृदयाची गोळी धडधाकट माणसानं चव बघायला खायची असते का, म्हणून त्यांनी तात्यांना माझ्यासमोर आणखी एकदा झापलं. तात्या डोळे मिटून ऐकत होते. मला त्यांच्याकडं बघवेना. याच माणसावर मी कसली शंका घेतली होती!

पण ते मनात पुरतं यायच्या आत माझं लक्ष डॉक्टरांनी हातात दिलेल्या बॉक्सकडं गेलं. औषधाच्या प्रत्येक बॉक्सवर बॅच नंबर असतो आणि आतल्या प्रत्येक पाकिटावर तोच नंबर असावा लागतो. आमचा हात आपोआप तिथं जातो. बॉक्सवर एक नंबर होता आणि आतल्या पाकिटावर वेगळाच.

 नंबर जुळत नाही म्हणजे एकच गोष्ट. बॉक्स खरा, आतला माल कुणीतरी भरलेला. चौदा वर्षांत माझ्या दुकानातून नकली गोळी गेली नव्हती, आणि आता गेली होती, तीही काकूंच्या नावावर. म्हणजे तात्या म्हणत होते तेच खरं? सोनाराकडं तोलणारे तात्या शहाणे आणि मी मूर्ख? मी बाहेर व्हरांड्यात येऊन रावसाहेबांना फोन केला की त्या कंपनीचा सगळा माल कपाटातून खाली काढा, कुणालाही देऊ नका. रावसाहेब म्हणाले की त्यांना पहिल्यापासून हेच वाटत होतं. मी कंपनीला फोन लावायला नंबर शोधू लागले.

काकू व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या होत्या. त्यांनी माझं सगळं बोलणं ऐकलं असावं. त्यांनी हातानं मला जवळ बसवलं.

“पोरी, फोन लावू नगंस. नंबर जुळायचाच न्हाई त्यो. पेटीतल्या बॉक्समदल्या गोळ्या मी बदलल्यात.”

मला काही उमगेना.

“हे फुकटचा बॉक्स आनून पेटीत टाकायचे. हे गायीकडं गेले की मी त्यातली पाकिटं काढून घ्यायची आन् कपाटातली इकतची पाकिटं त्यात भरून ठिवायची. फुकटच्या समद्या मीच खाल्ल्या. सहाच्या सहा बॉक्स.”

“काकू, पण का? तुम्हाला त्या खऱ्या वाटत होत्या?”

“न्हाई बाई. मलाबी नकलीच वाटायच्या.” त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. “ह्यांचे वडील छातीत कळ यिऊनच गेले. चुलते बी. उद्या ह्यांना लागल्या तर घरात खऱ्या गोळ्या नकोत का?”

 पस्तीसवरचं बेचाळीस झालं होतं त्यात निम्म्या गोळ्या फुकटच्या होत्या आणि तात्या पडले होते विकतच्या गोळ्यांनी. मला हसूही येईना आणि रडूही.

“ह्यांना सांगू नगंस,” काकू म्हणाल्या.

आम्ही दोघी आत गेलो. सलाइन निम्मं संपलं होतं. तात्यांचा रंग जरा परतला होता. मला बघून त्यांनी उशीवरून डोकं उचललं, जवळ यायची खूण केली आणि काट्यावरचा आकडा सांगावा तशा ठाम आवाजात म्हणाले, “मॅडम, शंका फिटली. फुकटचा माल खरा हाय. आता हिला बिनघोर चालू करा.”

काकूंनी त्यांच्या अंगावरची चादर सारखी केली.

“बरं झालं,” त्या म्हणाल्या, “तुमी आदी बगून घेतलं.”